पक्की टीप, कच्चे गिऱ्हाईक

आयपीएलच्या दिवसांत जयपूरच्या सवाई मानसिंह स्टेडियमवर नाणेफेक व्हायच्या आधीच मोबाइलवर टेलिग्रामच्या ‘पक्क्या टिपा’ येऊन थडकतात. पहिल्या पाच फुकट. सहावीला पैसे.

पाचही टिपा खऱ्या ठरल्या की माणूस भुलतो. धंदा मात्र साध्या गणिताचा आहे. 1,024 जणांची यादी घ्यायची, निम्म्यांना एक संघ कळवायचा, उरलेल्यांना दुसरा. ज्यांचे चुकले ते गळतात. पाच सामन्यांनंतर 32 जण असे उरतात, ज्यांना एकही चुकीची टीप मिळालेली नसते. ते खिसा मोकळा करतात. शिवाय अनेक टिपस्टरांना बेटिंग कंपन्यांकडून गिऱ्हाइकाच्या नुकसानीत वाटा मिळतो. म्हणजे तुम्ही हरलात तरी त्यांची दिवाळीच!

आतली खबर असली तरी काय होते? 5 मे 2013 रोजी याच मैदानावर राजस्थान रॉयल्सच्या अजित चंडिलाने ठरलेल्या षटकात 14 धावा दिल्या, पण बुकींना ठरलेली खूण करायलाच तो विसरला, असे दिल्ली पोलिसांचे म्हणणे होते. न्यायालयाने जुलै 2015 मध्ये आरोपींना दोषमुक्त केले, हेही सांगायला हवे.

शेअर बाजारात पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते; सामन्यांच्या टिपा मात्र कोणीही विकतो. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. टीप विकणे ही त्या सट्ट्याची जाहिरातच आहे. पोलिसांनी छापे फक्त बुकींवर का घालावेत?