टाकीतली अळिंबी आणि वाळूखालचा खेकडा

जमिनीवर राहणाऱ्या हर्मिट क्रॅबच्या काचटाकीत अळिंबी उगवते ती बहुधा कोकोपीट, पालापाचोळा किंवा लाकडाच्या तुकड्यासोबत आलेल्या बुरशीतून. या खेकड्यांच्या कल्ल्यांना सतत ओलावा लागतो, म्हणून टाकीत ७५ ते ८५ टक्के आर्द्रता आणि २४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान बारा महिने राखावे लागते. खाली वाळू आणि कोकोपीटचा दमट थर, वर सुकी पाने आणि झाडाची साल. एवढी सोय झाल्यावर बुरशी आली नाही तरच नवल. कोकोपीट म्हणजे नारळाचा भुसा, आणि तो कुजवणे हे तर बुरशीचे नेहमीचे काम आहे. कॉयर बोर्डाने भुशाचे खत करण्यासाठी पुढे आणलेल्या ‘पिथप्लस’मध्ये धिंगरी अळिंबीचेच बियाणे असते.

वर दिसणारी छत्री हे त्या बुरशीचे फळ. तिचे पांढरे तंतू थरात कितीतरी आधीपासून पसरलेले असतात आणि छत्री खुडली तरी तसेच राहतात. छत्री दिसली त्या दिवशी टाकी बिघडली, असा हिशोब म्हणूनच चुकतो. काल जी टाकी ठीक होती, तीच आजही आहे.

टाकीत आणि कुंडीत हमखास भेटणारी जात म्हणजे ल्युकोकोप्रिनस बर्नबौमी. आधी टाचणीच्या डोक्याएवढे पिवळे ठिपके दिसतात, मग बारीक दांड्यावर लिंबासारखी पिवळीधमक, पिठूळ खवल्यांची टोपी वर येते, उघडते आणि दोन-तीन दिवसांत मान टाकते. उष्ण प्रदेशातली ही बुरशी युरोपात झाडांच्या काचगृहांतून पोहोचली. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या जेम्स बोल्टनने १७८८ मध्ये तिचे वर्णन केले आणि १८३९ मध्ये प्रागच्या काचगृहातल्या नमुन्यावरून बुरशीतज्ज्ञ कोर्डाने तिला तिथल्या उद्यानपालाचे, बर्नबौमचे, नाव दिले. थोडक्यात, उबदार दमट काचेच्या आत उगवण्याची तिची सवय जुनी आहे. राखाडी टोपीच्या, एका रात्रीत काळी शाई होऊन विरघळणाऱ्या छत्र्या मात्र कोप्रिनेलस किंवा कोप्रिनॉप्सिस गटातल्या. नव्या लाकडावर येणारा पांढरा कापूस ही साधी बुरशी असून ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते.

अळिंबी पाहून थरातल्या पाण्याचा अंदाज जरूर घ्यावा. मूठभर मिश्रण दाबल्यावर गोळा धरावा, पण बोटांतून पाणी ओघळू नये. तळाशी काचेतून पाण्याची रेघ दिसत असेल, थर काळा पडला असेल किंवा सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर खरे दुखणे तिथे आहे. पाणी तुंबलेल्या थरात हवा शिरत नाही, जिवाणू माजतात आणि खाली कात टाकणारा खेकडा गुदमरतो. अळिंबीला स्वतःला हवा लागते. त्यामुळे छत्र्या टवटवीत आणि वास रानातल्या मातीसारखा असेल, तर थर एकंदरीत श्वास घेतो आहे असेच समजावे.

नेमका इथे घात होतो. छत्री दिसली की पालक घाबरतो, दुकानदार ‘सगळे मटेरियल बदला’ असे सांगून मोकळा होतो आणि नवे पोतेही विकतो. परंतु त्या थराखाली कोणी असू शकते. कात टाकायची वेळ आली की हर्मिट क्रॅब शंखात पाणी साठवून खोल उकरत जातो, दमट वाळूत अंगापुरती पोकळी करतो आणि तिथे जुने कवच उतरवतो. काही दिवस त्याचे अंग इतके मऊ असते की त्याला स्वतःचे पायही नीट उचलता येत नाहीत. कॅल्शियम परत मिळवण्यासाठी तो टाकलेले कवच हळूहळू खाऊन संपवतो. लहान खेकड्याचे हे काम काही आठवड्यांत उरकते, मोठ्याला दोन महिने किंवा त्याहून जास्तही लागतात. या काळात फावडे लागले, पोकळी ढासळली किंवा तो उजेडात इतर खेकड्यांच्या तोंडी पडला, तर तो बहुधा वाचत नाही. अळिंबीने खेकडे दगावल्याची शंका घेऊन येणाऱ्या पालकाला पशुवैद्यकाने पहिला प्रश्न ‘थर कधी उकरला?’ हाच विचारावा.

करायचे ते थोडेच आहे. टोपी मिटलेली असतानाच हातमोजा घालून, ओल्या टिश्यूने धरून छत्री बुडापासून हलके पिळून काढावी आणि लगेच पिशवीत बंद करावी. उघडलेल्या टोपीतून बीजाणू उडतात. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. बुडाची चमचाभर माती सोबत आली तर चालेल, त्याहून खोल जाऊ नये. खेकडा सर्वभक्षी असल्यामुळे तो अळिंबी कुरतडेलही, पण जातीची ओळख पटलेली नसताना ती त्याच्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही. गोगलगाई माणसाला मारक असलेल्या अळिंब्याही खातात, तेव्हा ‘किड्याने खाल्ली म्हणजे निर्धोक’ ही परीक्षा कुचकामी आहे.

बुरशीनाशक मात्र टाकीच्या आसपासही नको. त्यातली पुष्कळशी तांब्याची असतात आणि तांबे कवचधारी प्राण्यांना विष आहे. बागेत मारलेल्या बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे, हात न धुता टाकीत घालणेही टाळावे. शोभेसाठी द्राक्षवेलीची खोडे टाकीत ठेवण्याची हौस आहे. दमट हवेत या लाकडाला बुरशी लवकर लागतेच, शिवाय नाशिक-सांगलीकडच्या बागेतली खोडे वर्षानुवर्षे त्याच फवारणीखाली भिजलेली असतात. ती घेऊच नयेत. दुसरा घातक उपाय म्हणजे टाकी वाळवणे. आर्द्रता उतरली की बुरशीच्या आधी खेकड्याचे कल्ले सुकतात.

छत्र्या पुन्हापुन्हा येत असतील तर पाण्याचा उगम शोधावा. पाण्याच्या भांड्यातले बुडबुडे कडेवरून शिंतोडे उडवतात, खेकडे शंखातून पाणी सांडतात, हीटर तळाशी असेल तर वाफ उठून काचेवरून परत थरात झिरपते. तो मागच्या काचेवर, थराच्या वर हवा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत बाहेरचीच हवा इतकी दमट असते की रोजचे फवारे सरळ बंद करता येतात. तळाशी पाणी साचलेच तर कोपऱ्यात भोके पाडलेली पीव्हीसी नळी सावकाश खाली सरकवून सिरिंजने ते उपसावे. टाकी नव्याने भरताना ही नळी आधीच बसवलेली बरी. उरलेले अन्न २४ तासांत काढावे. बुरशी खाऊन जगणारे स्प्रिंगटेल थरात सोडले तर वरचा कापूस बराच आटोक्यात राहतो, छत्र्या मात्र त्यांना दाद देत नाहीत.

नवे लाकूड ओव्हनमध्ये तापवून आणि पाने उकळून घेण्याची पद्धत किडींसाठी चांगली आहे. अळिंबीपुरता तिचा भरवसा धरू नये, कारण निर्जंतुक झालेल्या लाकडावर स्पर्धक नसल्याने पहिली येईल ती बुरशी जोमाने फोफावते.

संपूर्ण थर बदलावा तो पाणी तुंबून सडला असेल तेव्हाच, आणि शक्यतो सर्व खेकडे मोजून वर दिसल्यावर. सडका थर थांबू देत नसेल, तर वरून एकेक पातळ पापुद्रा हाताने काढत जावे, फावडे वापरू नये. पोकळी लागली तर आतला खेकडा भोवतालच्या वाळूसकट अलगद उचलून, तेवढ्याच दमट आणि उबदार अशा वेगळ्या डब्यात, त्याच्या टाकलेल्या कवचासह अंधारात ठेवावा.