मानवंदनेच्या आधी

वाशीमकडून येणारे अवजड ट्रक पातूरचा घाट उतरून अकोल्याच्या दिशेने धावतात. अशा रस्त्यावर मध्यरात्री नाकाबंदीस उभ्या राहणाऱ्या शिपायाच्या हाती बहुधा एक विजेरी आणि एक काठी असते. अंगात चमकणारे जाकीट असेल तर तो दुरून दिसेल. नसेल तर चालकाच्या डोळ्यांवरील झोपेवर त्याचे आयुष्य अवलंबून. दरोडेखोराच्या गोळीपेक्षा हा धोका रोजचा आहे, आणि रोजचा म्हणूनच त्याची दखल कोणी घेत नाही.

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या गोळीबारात आपले १० पोलीस जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी देशभर पोलीस हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. ती दिलीच पाहिजे. परंतु ही यादी लांबू नये यासाठी वरिष्ठांनी उरलेले ३६४ दिवस काय केले, हा प्रश्न त्या मैदानावर विचारला जात नाही. २००८ साली तुकाराम ओंबळे काठीनिशी कसाबच्या बंदुकीला भिडले. त्या शौर्यापुढे राष्ट्र नतमस्तक झाले, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले गेले. मात्र त्यांच्या हाती काठीच का होती? शौर्यगाथेच्या आड व्यवस्थेची लाज झाकली जाते, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे.

१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यात नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली. तिकडे खासगी वाहनातून निघालेले शीघ्र कृती पथकाचे १५ जवान जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात हुतात्मा झाले, वाहनचालकही गेला. जाळपोळ करून पोलिसांना ओढून आणायचे, ही चाल जुनीच. रस्ता तपासल्याखेरीज वाहन पुढे न्यायचे नाही, हा धडाही जुनाच. असे धडे विसरले जातात ते बहुतेक वेळा घाईत, ‘ताबडतोब पोहोचा’ या शब्दाखाली. त्या क्षणी एखादा हवालदार ‘साहेब, रस्ता तपासलेला नाही’ असे म्हणू शकतो काय? आणि म्हटल्यास तो भित्रा ठरतो की जाणता? सुरक्षेची संस्कृती म्हणतात ती येथे ओळखू येते. शिरस्त्राणांच्या खरेदीने ती येत नाही. अमेरिकेतही पोलिसांचे मृत्यू कमी करण्याच्या मोहिमेत आसनपट्टा, जाकीट आणि वाहनाचा वेग अशा साध्या गोष्टींवरच भर दिला गेला.

आपल्याकडे असे काही घडतच नाही, असेही नाही. आठ तासांच्या पाळीचा आराखडा देवनारच्या एका शिपायाने मांडला, आणि तत्कालीन मुंबई पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो फायलीत न गाडता मे २०१६ मध्ये देवनार ठाण्यातच राबवून पाहिला. शिपायाचे ऐकणारा आयुक्त ही घटना दुर्मीळ, म्हणून ती मोलाची! २०२१ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या कामाचा प्रयोग झाला, त्यात आपले अमरावती शहरही होते. सोळा तास जागलेला मनुष्य स्वतःचे रक्षण करू शकत नाही, मग समाजाचे काय करणार?

घाटाखालच्या रस्त्यावर पुन्हा नाकाबंदी लागेल. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी महिन्यातून एक रात्र पूर्वसूचना न देता अशा नाक्यावर शिपायाशेजारी उभे राहावे. अडथळे किती अंतरावर आहेत, दिवा आहे काय, त्या माणसाला कामावर येऊन किती तास झाले, हे स्वतः विचारावे. आणि खरे उत्तर मिळालेच, तर ते देणाऱ्याची बदली करू नये.