वीसच्या बाटलीचे पंचवीस

गेल्या मे महिन्यातली दुपार. आजीला घेऊन मेहकरला निघाले होते. आजी अठ्ठ्याहत्तरची, म्हणजे एसटीत तिचं तिकीट शून्य. माझं अर्धं. सरकारनं आम्हा दोघींचे मिळून बरेच पैसे वाचवले होते. त्यातले पाच रुपये बस सुटायच्या आधीच गेले.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका बसस्थानकावर (नाव मुद्दाम लिहीत नाही, तुमच्याही स्थानकावर हेच चालतं) पाण्याची बाटली घेतली. छापील किंमत वीस, मागितले पंचवीस. मी विचारलं, तर उत्तर तयार होतं, ''कूलिंगचे पाच लागतात ताई. फ्रीजचं लाइटबिल कोण भरते?'' मागे रांग. कोणीतरी ''चला ना लवकर'' म्हणालं. आजीनं माझा हात ओढला, ''जाऊ दे न बाई, पाच रुपयानं का होते?''

दिले पंचवीस. तुम्हीही देता, मला माहीत आहे.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र डोक्यातून जाईना. कारण याच आजीच्या घरात पाच रुपयांचा हिशेब फार वेगळा होतो. २०२५-२६ च्या हंगामात केंद्रानं सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला होता. आमच्या सोयाबीनला बाजारात चार हजारांच्या आतबाहेर मिळाले. ओलावा जास्त आहे, दाणा बारीक आहे, कारणं नेहमीचीच. म्हणजे बघा, हमीभाव ही किमान किंमत. तिच्या खाली जाऊ नये, अशी अपेक्षा. एमआरपी ही कमाल किंमत. तिच्या वर जाऊच नये, असा नियम. आपल्या घरात दोन्ही उलट्या लागतात. विकताना किमान किंमत हे स्वप्न होतं आणि विकत घेताना कमाल किंमत ही सुरुवात होते.

पण या दोन्हींत एक मोठा फरक आहे. बाजारात व्यापाऱ्यानं हमीभावानंच माल घ्यावा, अशी सक्ती करणारा कायदा आज नाही. एमआरपीला आहे. वैधमापन कायदा २००९ चा, पॅकबंद वस्तूंचे नियम २०११ चे. त्यातला १८ वा नियम सरळ सांगतो, की किरकोळ दुकानदारानं छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. 'सर्व करांसह' हे शब्दही उगाच नाहीत. १९९० पूर्वी पाकिटावर 'स्थानिक कर वेगळे' असं छापता यायचं, आणि ते 'वेगळे' किती, हे दुकानदार ठरवायचा. ती पळवाट बंद करायला आजची एमआरपी आली. २०१८ पासून तर एकाच वस्तूवर बाजारासाठी एक आणि मॉल किंवा विमानतळासाठी दुसरी किंमत छापण्यालाही चाप लागला.

'कूलिंग चार्ज' नावाची गोष्ट या नियमांत कुठंच नाही. दुकानदाराचा नफा एमआरपीतच धरलेला असतो. हां, हॉटेल-रेस्टॉरंटची गोष्ट वेगळी. टेबल, वेटर, बसायची सोय अशी सेवा मिळते म्हणून तिथं जास्त घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं. पण बसस्थानकावरच्या टपरीत ना टेबल, ना वेटर. आपण उन्हात उभे असतो.

मला टपरीवाल्याला खलनायक करायचं नाही. त्याचं भाडं, लाइटबिल खरं आहे. पण ते जास्त असेल, तर त्याचं भांडण भाडं ठरवणाऱ्याशी आहे. तो ते माझ्या आजीकडून वसूल करतो, कारण आजी भांडत नाही. आजीला बाटलीवरचे बारीक आकडे दिसतही नाहीत. आणि गावातल्या किराणावाल्याला या यादीत धरू नका. जो माणूस सोयाबीन विकेपर्यंत उधारीवर तेल-साखर देतो, त्याचं आणि आपलं नातं एमआरपीच्या पलीकडचं आहे. (सुट्ट्याऐवजी टॉफी देणारे मात्र यादीत येतात. माझ्या हॉस्टेलच्या ड्रॉवरमध्ये त्यांचा ढीग आहे.)

आपली खरी अडचण कायदा नाही, लाज आहे. पाच रुपयांसाठी बोललं की आपण 'चिल्लर' ठरू, ही भीती. मित्रांसोबत असू तर अजूनच. सत्तरच्या दशकात बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. त्या लोकांनी मोहल्ल्यातली घरं एकत्र करून महिन्याचा किराणा एकत्र घ्यायला सुरुवात केली. पै-पैचा हिशेब विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही. आपण मात्र फोनवर दहा ॲपवर भाव बघून बूट घेतो आणि टपरीवर गप्प बसतो.

तक्रारीला फार काही लागत नाही. पैसे यूपीआयनं द्या, रक्कम नोंदवली जाते. बाटलीवरच्या किमतीचा फोटो काढा. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्ह्यात वैधमापनशास्त्र विभागाचे निरीक्षक असतात, ज्यांना आपल्याकडं अजूनही 'वजनमापेवाले' म्हणतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बाटलीबंद पाण्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. रेल्वेनं लगेच 'रेल नीर'ची लिटरची बाटली १५ वरून १४ वर आणली. शेगावला किंवा मलकापूरला गाडी थांबल्यावर पंधरा देऊन तुम्ही तो एक रुपया परत मागितलात का?

दिवाळीनंतर पुन्हा त्याच टपरीवर गेले. बाटलीवर आता अठरा छापले होते. तो सवयीनं म्हणाला, ''पंचवीस.'' मी वीसची नोट पुढं केली, ''दादा, अठरा लिहिलेत.'' त्यानं बाटली फिरवून पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि गल्ल्यातून शोधून दोनचं नाणं दिलं. वाद नाही, काही नाही. माझ्या मागं धोतरातले एक आजोबा होते, हातात पंचवीस रुपये मोजून तयार. मी वळून ''बाबा, अठराची आहे'' म्हणेपर्यंत गल्ला बंद झाला होता, आणि कंडक्टरनं बेल मारली.