‘९५ टक्के अचूक’? किती वेळा तपासून?

विक्रीचा अंदाज सांगणारं एआय सॉफ्टवेअर विकायला कुणी आलं, की आधी अचूकतेचे टक्के ऐकवतो. माझं म्हणणं, टक्के नंतर. आधी विचारा, ‘ज्या डेटावर तपासलंत, तो किती वेळा वापरलात?’

कारण बघा. मॉडेलला जुनी बिलं शिकवतात आणि थोडी परीक्षेसाठी राखून ठेवतात. परीक्षेत मार्क कमी पडले की मॉडेल बदलायचं, परत त्याच बिलांवर तपासायचं. असं पन्नास वेळा झालं की पेपर फुटलाच ना! मॉडेल तेवढ्या बिलांपुरतं हुशार होतं, धंद्याचा कल त्याला कळतच नाही. यालाच ओव्हरफिटिंग म्हणतात. आणि त्याच्या भरवशावर दिवाळीचा माल उधारीवर भरणार तुम्ही.

सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे दाखवून दिलं. त्यांनी मुद्दाम नाणेफेकीसारखा डेटा घेतला, शिकण्यासारखं काहीच नसलेला. खरी अचूकता ५० टक्केच. पण राखीव डेटा बघून कोणते घटक ठेवायचे ते ठरवलं आणि त्याच डेटावर तपासलं, तर आकडा ६३ च्या वर!

उपाय सापडला प्रायव्हसीच्या शास्त्रात. डिफरेन्शियल प्रायव्हसीचा नियम असा, की एका माणसाची नोंद असली काय, नसली काय, उत्तर जवळपास तेच यायला हवं. हेतू माणसाची माहिती झाकण्याचा. पण गंमत अशी, की उत्तर एका नोंदीवर अवलंबून नसेल, तर ती नोंद पाठही करता येत नाही. त्यांची पद्धत म्हणजे कंजूष मास्तर. शिकवलेल्या आणि राखीव डेटावरचे मार्क जुळले, तर राखीवबद्दल अवाक्षर नाही, शिकवलेल्यावरचाच आकडा परत. फरक मोठा असेल तरच राखीवचा आकडा सांगायचा, तोही थोडा हलवून. आणि तेही मोजक्याच वेळा. त्याच प्रयोगात या पद्धतीने आकडा ५० च्या आसपासच राहिला.

आपल्या दुकानात हे जसंच्या तसं करत बसू नका. बिलं थोडी असली की आकडा हलवल्यावर हाती काही उरत नाही. आपण फक्त मास्तरचा कंजूषपणा घ्यायचा. शेवटच्या दोन महिन्यांची बिलं सॉफ्टवेअरवाल्याला देऊच नका. (ग्राहकांचे मोबाइल नंबर तर कुठल्याच महिन्याचे नाही.) त्याच्याकडून त्या दोन महिन्यांचा अंदाज लिहून घ्या आणि घरी बसून जुळवा. ‘सुधारून आणतो’ म्हणाला, तर आणू दे. पण त्याची परीक्षा पुढच्या महिन्याच्या नव्या बिलांवर.