आधी कोणाला कळते, तोच दिसतो!

एखादी सार्वजनिक प्रसारण संस्था डिजिटल माध्यमावर पुढे काय करणार आहे, हे ती बाहेरच्या निर्मात्यांना किती आधी आणि किती उघडपणे सांगते? वरवर हा प्रश्न तांत्रिक वाटेल. आमच्या मते हा थेट प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे. ज्याला योजना आधी कळते त्याची तयारी आधी होते, तयारी असते त्याला काम मिळते आणि काम मिळते त्याचीच गोष्ट देश पाहतो.

ब्रिटनमध्ये 2004 साली फिलिप ग्राफ यांनी बीबीसीच्या ऑनलाइन सेवेचा आढावा घेतला. बातम्या वगळता किमान 25 टक्के ऑनलाइन आशय बाहेरच्या निर्मात्यांकडून घ्यावा, अशी त्यांची शिफारस होती. पुढे बीबीसी अशा पुरवठादारांना बोलावून आपल्या डिजिटल योजना त्यांच्यासमोर मांडू लागली. हे उपकार नव्हते. संस्था लोकांच्या परवाना शुल्कावर चालते, म्हणून तिला उत्तर द्यावे लागते. पण त्यातही एक त्रुटी राहिली. टक्का 'बाहेरच्यां'चा ठरला. बाहेरचे म्हणजे समाजातले नेमके कोण, हे त्या टक्क्याने ठरत नाही.

आता आपल्याकडे या. प्रसार भारतीने 20 नोव्हेंबर 2024 रोजी गोव्यात 'वेव्हज' हा ओटीटी मंच सुरू केला. प्रसार भारती कायदा 1990 चा. त्याच्या कलम 12 मध्ये सामाजिक न्यायाला चालना देणे आणि अस्पृश्यतेसारख्या प्रथांशी लढणे ही संस्थेची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. मग या मंचासाठी आशय पुरवणारे कोण, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांसाठी 2012 पासून खरेदी धोरण आहे. आज त्यानुसार 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते आणि त्यात 4 टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा असतो. टेबल-खुर्च्यांच्या खरेदीत जे तत्त्व मान्य आहे, ते कथा, शाहिरी आणि माहितीपटांच्या खरेदीत का नको?

इथे लगेच 'गुणवत्ते'चा मुद्दा पुढे केला जाईल. मोठी उलाढाल आणि जुना अनुभव मागणाऱ्या अटी गुणवत्ता मोजत नाहीत, आधी कोणाला संधी मिळाली ते मोजतात. 1920 साली पैसे देऊ करूनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नव्हती. तेव्हा नकार तोंडावर मिळायचा, आज तो निविदेच्या अटींत लपलेला असतो.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. डिजिटल योजना मराठीसह सर्व भारतीय भाषांत, सर्वांना एकाच दिवशी जाहीर करा. नव्या निर्मात्यांना उलाढालीच्या अटीतून सूट द्या. काम कोणाला मिळाले, याची सामाजिक प्रवर्गनिहाय यादी दरवर्षी प्रसिद्ध करा.

मित्रहो, मोबाईलवर उत्तम चित्रीकरण करणारी आपली पोरे वस्तीवस्तीत आहेत. त्यांना फक्त प्रेक्षक ठेवणारा मंच सार्वजनिक म्हणवून घेऊ शकत नाही. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज आजच लिहायला घ्या.