दीड दिवसाच्या शाळेचा कादंबरीकार



कादंबरीकार होण्यास मोठे शिक्षण आणि मोठे घर लागते, असा आपल्या मुलांचा समज असतो. तो खोटा आहे. इंग्लंडचा चार्ल्स डिकन्स पाहा. वडील कर्जापायी तुरुंगात आणि १२ वर्षांचा पोर बुटपॉलिशच्या कारखान्यात लेबले चिकटवतो! त्याच पोराने पुढे गरिबांच्या जिण्यावर कादंबऱ्या लिहिल्या. १८७० साली तो वारला तेव्हा राजेरजवाडे जिथे चिरनिद्रा घेतात त्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे दफन झाले. पण आपल्या घरचा डिकन्स आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णाभाऊ, १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मले. आज हे गाव सांगली जिल्ह्यात येते. शाळा दीड दिवसाची. पुढे आईवडिलांसोबत पायी चालत मुंबई गाठली. हमाली केली, गिरणीत राबले आणि दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे जोडली. १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे केले. ‘फकिरा’ १९५९ साली आली. ज्या जमातींना इंग्रज सरकारने कायद्याने गुन्हेगार ठरवून रोज हजेरी द्यावयास लावली, त्यातलाच एक माणूस येथे नायक आहे. दुष्काळात उपाशी माणसांसाठी तो धान्य लुटतो. हे पुस्तक अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीस अर्पण केले आहे. १९६१ साली त्यास राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

१९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित व कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असे अण्णाभाऊंनी तेथे बजावले. आमच्या नाकाडोंगरीच्या बाजूला, डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगनीज खाणींत राबणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले. परंतु लेखक मात्र घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत हलाखीत जगला आणि १८ जुलै १९६९ रोजी अवघ्या ४८ व्या वर्षी गेला. २००२ साली टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. हयातीत भाकरीची ददात आणि मरणानंतर पुतळा, असा हा उलटा हिशेब!

आता मूळ मुद्दा. १ ऑगस्टचा विषय काढला की आपलेच काही समाजबांधव म्हणतात, “ते तर मातंगांचे. त्यांची जयंती आपण कशाला करायची?” बंधूंनो, राज्यघटनेच्या शिल्पकाराला कोणी ‘एका जातीचा पुढारी’ म्हटले की आपले रक्त उसळते. १९५४ साली बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पडले. जातीपुरते पाहणारी नजर तेव्हाही होती. तीच नजर आपण अण्णाभाऊंवर रोखावी काय? पंचशील घेतलेल्या माणसाने जातीची भिंत आपल्या बाजूने तरी पाडली पाहिजे.

मी हिशेबाचा माणूस आहे, म्हणून खर्चाचेच बोलतो. भीमजयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला तर तेवढ्या पैशांत अण्णाभाऊंच्या पाच-सहा कादंबऱ्या विहारात येतील. दर रविवारी वंदनेनंतर एक प्रकरण मोठ्याने वाचावे. ज्यांना अक्षर येत नाही त्या आयाबायांना पुढे बसवावे. ‘वैजयंता’, ‘चित्रा’ या कादंबऱ्यांतल्या बाया त्यांना ओळखीच्या वाटतील. वाचायचे काम आठवी-नववीच्या मुलींना द्यावे.

आणि १ ऑगस्टला शेजारच्या मातंग वस्तीत आमंत्रणाची वाट न पाहता जावे. आपल्या घरची माणसे भेटायला आमंत्रण कशाला?

जयभीम!