विश्लेषण : अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा नकाशा का बदलला? किंमत कोण मोजतंय?

पॅसिफिक किनाऱ्याजवळची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन विद्यापीठे २०२४ पासून ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये खेळतात. ‘बिग टेन’मध्ये १८ विद्यापीठे आहेत, ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये १६. ही छपाईची चूक नाही. अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये पाट्या जुन्याच राहिल्या आणि आतले घर पार बदलले. या उलथापालथीत १९१५ पासूनचा वारसा सांगणारा एक अख्खा गट जवळपास संपला.

कॉन्फरन्स म्हणजे नेमके काय?

इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. गटातले संघ एकमेकांशी साखळी सामने खेळतात, टीव्ही प्रक्षेपणाचा करार एकत्र करतात आणि आलेला पैसा वाटून घेतात. पूर्वी हे गट शेजाऱ्यांचे असत. आमच्या अभियांत्रिकी कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला एसटीने जायचा आणि रात्री हॉस्टेलवर परत यायचा. तिकडच्या गटांची मूळ कल्पनाही साधारण अशीच होती.

मग बिघडले कुठे?

टीव्हीवर किती सामने दाखवायचे, हे १९८४ पर्यंत एनसीएए ही शिखर संस्था ठरवत असे. त्या वर्षी ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली. हक्क विकायला विद्यापीठे आणि गट मोकळे झाले. आज आकडे कुठे पोहोचलेत? बिग टेनने ऑगस्ट २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला. त्याची किंमत ७ अब्ज डॉलरहून अधिक असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. म्हणजे वर्षाला सुमारे १ अब्ज. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. तेव्हाच्या दराने वर्षाला सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास. विद्यार्थी खेळतात त्या स्पर्धेचा फक्त एक गट आयपीएलच्या इतका जवळ आहे.

एवढा पैसा दिसल्यावर शेजारधर्म टिकत नाही. जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग ट्वेल्व्ह सोडून आग्नेयेकडच्या ‘एसईसी’ गटात जायचे ठरवले. वर्षभरात लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनची वाट धरली.

पॅक-१२ कसा कोसळला?

यूएससी आणि यूसीएलए हे पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘पॅक-१२’ गटाचे आधारस्तंभ. ते निघाल्यावर लॉस एंजेलिसची टीव्ही बाजारपेठही निघाली. गटाचा जुना प्रक्षेपण करार संपत आला होता. नव्यासाठी हाती आला तो प्रामुख्याने अ‍ॅपलच्या स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, ज्यात कमाई बरीचशी वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून होती. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो बाहेर पडले. ४ ऑगस्टला, एकाच दिवशी, आणखी पाच विद्यापीठांनी निरोप घेतला. स्टॅनफर्ड आणि बर्कली सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी गेले.

उरले दोघे : ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. ही दोन्ही छोट्या गावांतली विद्यापीठे, टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने किरकोळ. मैदानावर ती कमी पडली होती का? २०२२ मध्ये ओरेगॉन स्टेटने दहा सामने जिंकले आणि शेजारच्या ओरेगॉन विद्यापीठाला ३८-३४ असे हरवले. पुढच्या उन्हाळ्यात बिग टेनचे आमंत्रण आले ते हरलेल्या ओरेगॉनला. खेळात याहून मोठा अन्याय कोणता, सांगा. बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट यांसारख्या नव्या भिडूंना घेऊन जुलै २०२६ पासून पॅक-१२ पुन्हा उभा करायचे ठरले, पण तो जुना गट नव्हे.

ताकद आता बिग टेन आणि एसईसी या दोघांकडे एकवटली आहे. २०२४ मध्ये विजेतेपदाची बाद फेरी प्रथमच १२ संघांची झाली. त्यातले सात या दोन गटांचे होते.

भुर्दंड कोणाला?

फुटबॉल संघ साधारण आठवड्याला एक सामना खेळतो आणि लांबच्या सामन्याला खास विमानाने जातो. त्याला चार हजार किलोमीटर फारसे जड नाहीत. पण विद्यापीठाने गट बदलला की सहसा व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिसचे संघही सोबत जातात. त्यांचे सामने जास्त, बजेट तुटपुंजे. लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉलपटूला आता गटातल्या सामन्यासाठी न्यू जर्सीतल्या रटगर्सपर्यंत जावे लागू शकते. (मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या एडिसनला लागूनच हे विद्यापीठ आहे.) तीन तासांचा वेळेतला फरक, बुडालेली लेक्चर्स, विमानतळावर पूर्ण केलेल्या असाइनमेंट. टीव्हीचा करार तिच्या खेळासाठी झालेला नव्हता. प्रवास मात्र तिच्या वाट्याला आला.

यावर तोडगा नाही असे नाही. फुटबॉलचा गट वेगळा करा, बाकीचे खेळ शेजाऱ्यांत ठेवा. यूसीएलएचे तत्कालीन प्रशिक्षक चिप केली यांनी २०२३ मध्ये असेच सुचवले होते. नोत्र दाम विद्यापीठ तर हे कित्येक वर्षे करत आहे : फुटबॉल स्वतंत्र, बहुतेक इतर खेळ एसीसीमध्ये. म्हणजे अडचण नियमांची कमी आणि इच्छाशक्तीची जास्त आहे. त्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीमुळे विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ही रक्कम प्रामुख्याने फुटबॉलपटूंकडे वळणार आणि कात्री लहान खेळांना लागणार, अशीच भीती आहे.

पुढची फेरी कधी?

बिग टेनचा करार २०२९-३० च्या हंगामापर्यंत आहे. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी एसीसीविरुद्ध गुदरलेले खटले मार्च २०२५ मध्ये तडजोडीने मिटले. त्या तडजोडीनुसार गट सोडण्याचा दंड दरवर्षी कमी होत जाणार आहे. तो पुरेसा खाली येईल तेव्हाच बिग टेनच्या नव्या हक्कांची बोली सुरू झालेली असेल.